फोंड्यात थायरॉइडची टेस्ट: तीन ठिकाणी दंड पुढे केला त्याची हकीकत

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि कुठल्या लॅबवाल्याचा नातलगही नाही. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, गाडीवर कंडक्टर आहे आणि वर्षातून एकदा गावच्या जत्रेत तोंडाला रंग लावतो. २०१८ पासून थायरॉइडची गोळी चालू आहे. त्यामुळे वर्षाला दोनदा, डोस बदलला तर तीनदा, रक्त द्यावं लागतं. गाडीत, तालमीला, चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसलेलो असताना, कुठेही कोणी ना कोणी विचारतंच, "टेस्ट कुठे करतोस रे?" तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझा थायरॉइड पहिल्यांदा ओळखला आमच्या नाटकाच्या दिग्दर्शकाने. म्हणजे त्याला रोग कळला नव्हता, आवाज कळला होता. मी दर वर्षी एखाद्या मराठा सरदाराचं काम करायचो. त्या वर्षी तालमीत आवाज इतका घोगरा, जड यायला लागला की तो म्हणाला, "यंदा तू औरंगजेबच कर." मी खूश. मोठं काम! पण वाक्याच्या शेवटापर्यंत दम पुरेना, आणि आयुष्यात कधी चुकलं नाही ते पाठांतर डोक्यात राहीना. प्रॉम्प्टर विंगेतून ओरडून ओरडून थकला. गाडीवर तर वेगळाच तमाशा. डिसेंबरात सकाळच्या पहिल्या फेरीला मला स्वेटर आणि वर मफलर लागायचा. फोंड्यात! ड्रायव्हर म्हणायचा, "महाबळेश्वराहून ड्युटीला येतोस काय?" बोटांना मुंग्या यायच्या, तिकिटाच्या मशीनची बटणं दाबताना अंगठा बधिर व्हायचा. सहा किलो वजन वाढलं, पोट साफ होईना, सकाळी उठलं की डोळ्यांखाली सूज. घरची एक दिवस हळूच म्हणाली, "लपून पिता की काय?"

पहिली टेस्ट सरकारी इस्पितळात झाली. ओपीडीतल्या डॉक्टरीण बाईंनी गळ्यावरून हात फिरवत पाणी गिळायला लावलं, मग टाचेच्या शिरेवर छोटी हातोडी मारली आणि पाऊल परत जागेवर यायला किती वेळ लागतो ते बघत बसल्या. म्हणाल्या, "तुमचं पाऊलसुद्धा आळशी झालंय." रिपोर्टात टीएसएच आला ३८. शेजारी छापलेली मर्यादा चारच्या आसपासची. मला वाटलं ३८ म्हणजे थायरॉइड भरपूर आहे, वाईट काय त्यात! तेव्हा त्यांनी समजावलं ते मी नंतर माझ्या भाषेत बसवून घेतलं, आणि गाडीतल्या प्रवाशांना तसंच सांगतो.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हेच. ते मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिच्युटरी नावाची ग्रंथी आहे तिचं. ती म्हणजे डेपो मॅनेजर. गळ्यातली थायरॉइड म्हणजे आमची गाडी, आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, हे गाडी आणून सोडते ते प्रवासी. गाडी वेळेवर सुटत असेल तर मॅनेजर खुर्चीत गप्प. गाडी रेंगाळली की तो ओरडायला लागतो, जितकी गाडी सुस्त तितका आवाज मोठा. टीएसएच म्हणजे त्या ओरडण्याचं माप. ३८ म्हणजे साहेब टेबलावर चढून ओरडतायत आणि गाडी अजून डेपोतच. उलट थायरॉइड फाजील धावत असेल, किंवा गोळी जास्त होत असेल, तर साहेब अगदी चिडीचूप, आकडा शून्याला टेकतो. म्हणून आकडा वाढला तर गोळी वाढते आणि घटला तर गोळी घटते. हे उलटं गणित बऱ्याच जणांना कळत नाही. आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी टीएसएच वाढला म्हणून मनानेच गोळी बंद केली होती.

पुढे अँटी-टीपीओ नावाची अजून एक टेस्ट झाली, तीही भरपूर वर. शरीराचे स्वतःचे शिपाई आपल्याच ग्रंथीला खातात तो हा प्रकार, हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये तो पहिल्यांदा लिहून ठेवला. डॉक्टरीण बाईंनी नाव सांगितलं तेव्हा मला वाटलं मोटारसायकलची कंपनी.

सरकारी इस्पितळाबद्दल माझी तक्रार नाही. तिथे वेळ जातो, बस. केसपेपरला रांग, रक्ताला रांग, रिपोर्टला दुसरी फेरी. पेन्शनर असाल किंवा घर जवळ असेल तर बिनधास्त तिथेच जा. माझी पहिली फेरी सहा-दहाची, त्यामुळे रजा टाकल्याशिवाय जमत नाही, आणि दर सहा महिन्यांनी रक्तासाठी रजा टाकली तर जत्रेला रजा उरत नाही. एवढ्याच कारणाने मी खासगी लॅब शोधली.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

ती लॅब बाजारापासून थोड्या आतल्या गल्लीत आहे. खाली औषधांचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर दोन खोल्या. नाव इथे देत नाही, कारण लॅबवाल्या ताईंना विचारलं तेव्हा त्यांनी हात जोडले: "नाव घालू नका भाऊ, आत्ताच सकाळी बसायला जागा नसते." ज्याला हवं त्याने गाडीत विचारावं, पत्ता सांगेन. पावणेसातला शटर वर जातं. बाहेरच्या खोलीत रेक्झिनचं बाकडं, त्यातून स्पंज बाहेर आलेला, भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर आणि एक पंखा जो तीनवर लावला तरी एकवर फिरतो. टीव्ही नाही. ही सोय म्हणून मोजतो.

ताई साठीच्या असतील. सुई हातात घेण्याआधी त्या तीन प्रश्न विचारतात, कोकणीतच. पहिला, "गुळी घेवंक ना मूं?" म्हणजे आजची गोळी घेतली नाही ना. कारण टी-फोरची गोळी पोटात गेली की पुढचे काही तास रक्तातला टी-फोर थोडा वर जातो, आणि फ्री टी-फोर (रक्तात मोकळा फिरणारा टी-फोर) मोजायचा असेल तर तो आकडा फसवतो. टीएसएचला त्या एका गोळीने लगेच फरक पडत नाही, पण ताईंचं म्हणणं, सवय एकच ठेवावी: आधी रक्त, मग गोळी, मग अर्ध्या-पाऊण तासाने चहा. मी टेस्टच्या दिवशी गोळी शर्टाच्या खिशात घेऊन जातो. दुसरा प्रश्न, "मागची टेस्ट किती वाजता दिली होती?" तिसरा, "दुसरी कुठली गुळी चालू आहे? कॅल्शियम, लोहाची, ताकदीची, केसांची?" हा तिसरा प्रश्न मला पाच वर्षं निव्वळ चांभारचौकशी वाटायचा. त्याची गोष्ट पुढे येते.

वेळेचं का विचारतात ते मी एकदा विचारलं. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. रात्री उशिरा आणि पहाटे तो वर असतो आणि दुपारी उतरतो. ज्याचा आकडा मर्यादेच्या काठावर आहे त्याने एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी दोनला रक्त दिलं तर आजार तोच राहून आकडा बदलतो. म्हणून त्या नळीवर नावाबरोबर वेळही लिहितात. आणि प्रामाणिकपणा बघा: थायरॉइडसाठी उपाशी यायलाच पाहिजे असं त्या म्हणत नाहीत. "साखर आणि कोलेस्टेरॉल करायचं असलं तर उपाशी या. नुसत्या टीएसएचला नको. पण तुम्ही गोळी घ्यायची थांबलाच आहात, तर रिकाम्या पोटी आलेलं बरं." बाकी ठिकाणी 'बारा तास उपाशी' असा दम देतात आणि मग हळूच, उपाशी आलाच आहात तर अमुक टेस्टही करून टाका.

पैशांचंही तसंच. माझ्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी फक्त टीएसएच लिहिलेलं. मीच शहाणपणा करून म्हटलं, तिन्ही करा, टी-थ्री (थायरॉइडचं दुसरं हार्मोन), टी-फोर, सगळं. ताई म्हणाल्या, "गोळी स्थिर आहे, त्रास नाही, मग टीएसएच काय म्हणतो तेवढं ऐकलं की झालं. टी-थ्री कशाला?" नुसत्या टीएसएचचे अडीचशे, तिन्हींचे पाचशे. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच निम्म्यावर आणणारा दुकानदार मी फोंड्याच्या बाजारात दुसरा पाहिला नाही. अँटी-टीपीओ त्या स्वतः करत नाहीत, बाहेर पाठवतात, आणि तसं सांगतात. शिवाय तो आकडा एकदा वर आला की गोळीचा डोस ठरवायला पुन्हा पुन्हा करायची गरज नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

सुईबद्दल. हात हलका आहे. पट्टा बांधून मूठ आवळ-उघड करायला लावत नाहीत, शीर दिसली की पट्टा सैल. पिवळ्या टोपणाची नळी, तळाशी जेल असतं ती. रक्त भरलं की दोन-चार वेळा अलगद उलटसुलट करून स्टँडवर उभी ठेवतात, अर्धा तास तरी. रक्त गोठलं की मशीनमध्ये गरागरा फिरवतात, लाल भाग खाली बसतो, मध्ये जेलची भिंत आणि वर सोनेरी पाणी. त्या पाण्यातच सगळं मोजतात. हे मी दाराच्या फटीतून बघितलंय, कारण सकाळी वाट बघताना दुसरं करायला काही नसतं. रिपोर्ट दुपारी तीनपर्यंत व्हॉट्सॲपवर.

आता गेल्या वर्षीचं. मुलीने फोनवर एक ऑफर दाखवली. घरी येऊन रक्त नेणार, सत्तरच्या वर टेस्ट, थायरॉइड त्यात धरलेला, बाराशे नव्व्याण्णव. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून त्या मोडक्या बाकड्यावर जाऊन बसता!" मे महिना, सुट्टीचा दिवस, मीही हो म्हटलं. कंपनीचं नाव नको. अशा बऱ्याच आहेत आणि मी एकीचाच अनुभव सांगतोय.

वेळ घेतली होती सात ते आठ. आठ वाजता फोन लावला तर मशीनवरची बाई हिंदीत आणि इंग्रजीत एकच वाक्य म्हणत होती. मुलगा आला अकरा-चाळीसला. घामाने थबथबलेला. नकाशाने त्याला आमच्याच नावाच्या दुसऱ्या वाड्यावर नेलं होतं, तिथून तो चढ चढून परत आला. त्याला मी रागावलो नाही. सकाळपासून त्याची ही अकरावी का बारावी घरफेरी, अजून शिरोड्यापर्यंत जायचं होतं. माणूस चांगला, हातही बरा. पाणी दिलं, घरचीने आंबा कापून दिला. पण त्याने विचारलं काय? नाव, वय आणि ओटीपी. बस्स! गोळी घेतली का, काय खाल्लं, दुसरी औषधं कोणती, काहीही नाही. चार नळ्या भरल्या, स्कूटरच्या बॅगेत टाकल्या आणि गेला. बॅगेत बर्फाची पाकिटं होती, पण सकाळी सातला भरलेली पाकिटं मे महिन्याच्या दुपारी किती गार राहतात ते आम्हा मासे आणणाऱ्यांना सांगायला नको.

रिपोर्ट आला दुसऱ्या दिवशी रात्री. एकवीस पानं. लाल, पिवळे, हिरवे गोल, माणसाच्या शरीराचं चित्र, यकृत हसतंय आणि मूत्रपिंड रडतंय. टीएसएच २.९, हिरवा गोल. मर्यादा ०.२७ ते ४.२०. पण पोटॅशियम ६.२, आणि त्यापुढे लाल बाण. दहा मिनिटांत फोन आला, 'हेल्थ काउन्सेलर' बोलतेय, तुमचं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर आहे, आमचा किडनीचा पॅकेज घ्या. घरात सुतक पडल्यासारखं झालं. घरचीने त्याच क्षणी माझं आडसर (शहाळं) बंद केलं, केळी बंद, टोमॅटो बंद. मुलगी गूगल वाचून रडायला लागली. सकाळी डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी ईसीजी काढला, ठीक होता, इस्पितळात लगेच पुन्हा पोटॅशियम करून घेतलं: ४.३. रक्त काढल्यावर पाणी वेगळं करायला उशीर झाला, किंवा नळी जास्त हिंदकळली, की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटा चढतो. रक्त माझं बरोबर होतं, त्याचा प्रवास वाईट झाला. टीएसएच मात्र इतक्या लवकर बिघडत नाही, असं ताईंनी नंतर सांगितलं, म्हणजे त्या २.९ चा दोष स्कूटरवर टाकता येत नाही.

तो दोष माझ्याच घरात होता. ऐका.

२.९ बघून मी निर्धास्त झालो. पण पावसाळा लागला तसा मी पुन्हा खाली उतरायला लागलो. दुपारच्या फेरीत पेंगायला लागलो, एकदा बेल मारायची राहून गेली आणि एक आजी पुढच्या स्टॉपवर उतरल्या, त्यांचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. केस गळणं तर आधीपासूनच होतं. गाडीत एक जण म्हणाला, जून-जुलैत मासेमारी बंद, पोटात मासा नाही म्हणून थायरॉइड वाढतो. दुसरा म्हणाला, मिठागराचं मीठ खाता ना, त्यात आयोडीन नाही, म्हणून. आम्ही आगरवाड्याचं जाडं मीठ आणतो खरं, पण ते लोणच्याला आणि खाऱ्या मासळीला. आमटीत पाकिटातलंच आयोडीनवालं जातं. सरकारने गलगंडासाठी १९६२ पासून आयोडीनच्या मिठाचा कार्यक्रम चालवलाय तो वाया गेलेला नाही, पण माझा आजार त्या जातीचा नाही. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय की हाशिमोटोत वरून आयोडीनच्या गोळ्या, समुद्रशेवाळाच्या पावडरी घेतल्या तर फायदा सोडाच, त्रास वाढू शकतो.

जुलैत ताईंच्या बाकड्यावर परत जाऊन बसलो. थोडी लाजच वाटत होती, दुसऱ्या दुकानात उधारी करून आल्यासारखी. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे ते तीन प्रश्न सोडून. तिसऱ्याला मी म्हटलं, "तसं काही नाही. केसांची एक गोळी घेतो, चार महिने झाले. ती औषध नव्हे, व्हिटॅमिन." ताईंनी सुई खाली ठेवली. "पाकीट आहे?" फोनवर घरचीकडून फोटो मागवला. बायोटिन, १० मिलिग्रॅम, रोज एक, सकाळी. "आज घेतली?" घेतली होती. "तर आज रक्त नको. दोन दिवस पूर्ण बंद करा, तिसऱ्या दिवशी या."

मला राग आला. ड्युटी बदलून आलेलो, उपाशी. बाकड्यावरच्या एका आजोबांनीही माझीच बाजू घेतली, "अगो बाय, घेऊन टाक गो त्याचं!" पण त्या ऐकेनात. वरून समजावलं ते असं: बऱ्याच मोठ्या मशीनमध्ये रक्तातलं हार्मोन पकडून ठेवायला बायोटिनचाच गोंद वापरतात. माणसाच्या रक्तात आधीच भरपूर बायोटिन फिरत असेल तर ते त्या गोंदाच्या जागा अडवून बसतं आणि मशीन फसतं. गंमत अशी की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि फ्री टी-फोर खोटा जास्त. दोन्ही मिळून चित्र असं उभं राहतं की गोळी पुरते आहे, उलट थोडी जास्तच होतेय. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिलाय. ताईंच्या मशीनची पद्धत वेगळी आहे, तिला बायोटिनचा त्रास नाही असं कंपनीचं म्हणणं, "पण कंपनीच्या भरवशावर तुमचा डोस कशाला ठरवू? दोन दिवसांनी काय बिघडतं?"

मी जिना उतरलो तो अडीचशे रुपये खिशात तसेच घेऊन. आलेलं गिऱ्हाईक आणि मिळणारे पैसे, दोन्ही परत पाठवणारी लॅब. खाली कोपऱ्यावर भाजी-पाव खाता खाता राग उतरला.

तिसऱ्या दिवशी सातला रक्त दिलं. टीएसएच ७.१. त्यांची मर्यादा ०.४ ते ४.५.

दोन महिन्यांत २.९ चे ७.१ कसे झाले? सगळं बायोटिनवर ढकलणं बरोबर नाही, हे डॉक्टरांनी कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. एक रक्त जवळजवळ दुपारी बाराचं, एक सकाळी सातचं. मशीन दोन, त्यांच्या मर्यादा दोन. मधले दोन महिने आजारही थोडा सरकला असेल. आणि वर केसांची गोळी. कोणी किती खाल्लं ते आता शोधता येत नाही. पण ते २.९ माझ्या अवस्थेचं माप नव्हतं एवढं नक्की. गोळी ७५ ची ८८ केली. असा विचित्र आकडा गोळीला असतो हे मला तेव्हाच कळलं. दुकानदारालाही वाटलं चिठ्ठी चुकली.

विनोद बघा, केस गळत होते ते थायरॉइड कमी पडत होता म्हणून. आणि केसांसाठी घेतलेली गोळी तोच थायरॉइड झाकून ठेवत होती. नाटकात मी तसाही टोप घालतो, केसांची गरज कोणाला होती?

डोस बदलल्यावर पुन्हा टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी. मी तिसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा ताईंनी पुन्हा परत पाठवलं! टी-फोर रक्तातून अर्धा व्हायला साधारण सात दिवस घेतो, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि वरचा साहेब त्याहून सावकाश शांत होतो. रूट बदलल्यावर पहिल्या आठवड्यात गाडी रिकामी धावते, म्हणून कोणी रूट बंद करत नाही, तसंच. आठव्या आठवड्यात आकडा ३.२. ऑक्टोबरात तालमी सुरू झाल्या तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, आवाज मोकळा झालाय, औरंगजेब दुसऱ्या कोणाला देऊ. थोडं वाईट वाटलं.

आता या लॅबच्या खोडी, म्हणजे हा लेख जाहिरात वाटायला नको. टॉयलेट एकच आणि त्याचा नळ गळतो. लघवीची टेस्ट असेल तर घरूनच डबी भरून आणा. वयस्कर माणसांना तो जिना जड जातो, गुडघेवाल्यांसाठी ताईंचा मदतनीस खाली येऊन रक्त घेतो, पण तसं आधी फोन करून सांगावं लागतं, आणि फोन तीनदा लावल्याशिवाय उचलत नाहीत. शनिवारी ताई नसतात, नवीन मुलगी असते. तिने मला दोनदा टोचलं आणि तिसऱ्यांदा हात बदलला. ती शिकेल, पण शनिवारी मी जाणार नाही. एकदा रिपोर्टवर माझं वय ५१ च्या जागी १५ छापलं. डॉक्टर म्हणाले, मुलाचा आणलात का? बदलून दिला, माफी मागितली, पण नावा-वयाची चूक रक्ताच्या रिपोर्टात हलकी नव्हे, त्याचा अर्धा तारा मी कापतो. चवथीला पाच दिवस आणि जत्रेला दोन दिवस शटर बंद, त्याची पाटी आदल्या दिवशी संध्याकाळी लागते. गाडी लावायला जागा विचारू नका. फोंड्यात ती कुठेच नाही, बसने या.

पाचपैकी साडेचार. इस्पितळाला चार, वेळेचा एक कापून. त्या घरपोच सेवेला दोन, आणि ते दोन्ही स्कूटरवरच्या मुलाचे.

कोणाला आंथरुणातून उठता येत नसेल, किंवा घरात तान्हं मूल असेल, तर घरी बोलवण्यात काही चूक नाही, माझ्या सासूबाईंचं रक्त अजून घरीच घेतात. पण त्या वेळी ते तीन प्रश्न तुम्ही स्वतःच कागदावर लिहून त्या मुलाच्या हातात द्या, वेळ नळीवर लिहायला लावा, आणि रिपोर्ट बघताना हिरव्या गोलाच्या आधी शेजारची मर्यादा आणि तारीख बघा. गरोदर बायकांचं माप वेगळं असतं, तिथे या छापील मर्यादा लावू नका, डॉक्टरांनाच विचारा. आणि आकडा काहीही आला तरी आमच्या वाड्यावरच्या काकांसारखं करू नका.

सोमवारी गर्दी असते, बुधवारी कमी. जिन्याची खालून तिसरी पायरी डावीकडून तुटलेली आहे, उपाशी पोटी उतरताना भिंतीच्या बाजूने उतरा.